नौपाड्याच्या फुटपाथखालचं तेल

आजची गोष्ट रस्त्याखालची आहे, आणि ती तेलाची आहे. पेट्रोल-डिझेल नाही, विजेच्या केबलमधलं तेल.

नौपाड्यात राहणाऱ्याला खड्डा ही काही बातमी नसते. पाण्याचा, गॅसचा, इंटरनेटचा. एकजण खणतो, दुसरा बुजवतो, तिसरा परत खणतो. पण मध्यंतरी गोखले रोडच्या मागच्या एका गल्लीत विजेच्या खड्ड्याच्या काठावर जुन्या केबलचा कापलेला तुकडा पडलेला दिसला आणि मी थांबलो. मनगटापेक्षा जाड. बाहेर डांबर लावलेलं तागाचं वेष्टण, आत पोलादी पट्टीचे वेढे, त्याच्या आत शिशाची सलग नळी. नळीत तीन तारा आणि प्रत्येक तारेभोवती चक्क कागद. तपकिरी, पट्टी-पट्टीने गुंडाळलेला, बोटाला चिकटणारा. वास थोडा राळेचा, थोडा जुन्या शिवणयंत्राच्या तेलाचा.

ठाणे-कल्याण पट्ट्यात रस्त्याखालून जाणारा दाब साधारण २२ हजार व्होल्टचा असतो. घरातल्या प्लगमध्ये २३० असतो, म्हणजे अंदाज येईल. तर २२ हजार व्होल्ट एका बाजूला, जमिनीला जोडलेलं शिसं दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये काही मिलिमीटर कागद? कागद एकटा हे काम करूच शकत नाही. कोरड्या कागदाच्या तंतूंमध्ये हवा असते आणि उच्च दाबापुढे हवा टिकत नाही. खरं काम करतं ते कागदात मुरलेलं तेल. कागद त्या तेलाला जागेवर धरून ठेवतो, बस्स. चहात बुडवलेल्या खारीसारखं. फरक इतकाच, की ही खारी चाळीस-पन्नास वर्षं मोडायची नसते.

पण तेल हा द्रव पदार्थ आहे. तापला की पसरतो, पातळ होतो, वाहतो. थंड झाला की आक्रसतो, घट्ट होतो. गेल्या सव्वाशे वर्षांत शहरात वीज किती दाबाने, किती आतपर्यंत आणि किती भरवशाने येऊ शकते, याचा मोठा भाग या साध्या गोष्टीने ठरवला. आज तेच बघू.

सुरुवात मात्र तेलाच्याही आधीपासून करतो, कारण तापमान आणि इन्सुलेशनचं भांडण मुंबईच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा झालं ते विजेच्या दिव्यांवरून नाही, तारायंत्रावरून. १८७० साली एडन ते मुंबई अशी समुद्राखालची टेलिग्राफ केबल टाकली गेली. टाकणारं जहाज होतं 'ग्रेट ईस्टर्न', तेव्हाचं जगातलं सगळ्यात मोठं जहाज. त्या केबलवर इन्सुलेशन होतं गटापर्चाचं, म्हणजे एका झाडाच्या चिकाचं. गटापर्चा थंड समुद्राच्या तळाशी उत्तम टिकतो, पण उन्हात मऊ पडतो. मऊ पडला की मधली तार आपल्याच वजनाने एका बाजूला सरकते. मग त्यांनी काय केलं? केबल पाण्याच्या टाक्यांत बुडवून ठेवली आणि एवढं अवाढव्य जहाज पांढऱ्या रंगाने रंगवलं. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीला चुना मारतात, त्याच हिशोबाने.

मग आली दिव्यांची वीज. लंडनमध्ये सेबॅस्टियन दे फेरांटी नावाचा विशीतला इंजिनिअर डेप्टफर्डच्या वीजघरातून १० हजार व्होल्ट शहरात आणायला निघाला. त्या काळाच्या मानाने हा वेडेपणाच होता. बाजारात मिळणाऱ्या केबल्स टिकेनात, तेव्हा त्याने स्वतःच केबल बनवली: तांब्याची एक नळी, तिच्याबाहेर तांब्याची दुसरी, आणि मध्ये खनिज मेणात भिजवलेला तपकिरी कागद. सहा-सहा मीटरचे तुकडे, हजारो सांधे. लोकांची भीती घालवायला चालू केबलमध्ये लोखंडी छिन्नी ठोकून दाखवली. छिन्नी हातात धरणारा माणूस सुखरूप राहिला, कारण बाहेरची नळी जमिनीला जोडलेली होती. १८९०च्या सुमाराची ही केबल पुढे चाळीसेक वर्षं चालली. कागदाने आपली जागा पक्की केली ती अशी.

आता मुंबईत या. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली, तीच आजची बेस्ट. १९०७ मध्ये विजेवरची ट्राम धावली. हे सगळं शहरातल्या शहरात. खरी उडी १९१५ची. टाटांच्या हायड्रो कंपनीने लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून वीज केली आणि ती मनोऱ्यांवरच्या तारांनी सुमारे ७० किलोमीटर मुंबईला आणली. दाब होता १ लाख व्होल्ट. ही लाइन येऊन थांबली परळला. तिथे दाब ६,६०० व्होल्टपर्यंत उतरवायचा आणि पुढे जमिनीखालच्या केबल्सनी गिरण्यांना द्यायचा.

आता इथे जरा थांबा. १ लाखावरून थेट ६,६००? लाखाची लाइन मनोऱ्यावरून उतरवून जमिनीखालून आणखी पुढे का नेली नाही? कारण १९१५ मध्ये १ लाख व्होल्ट पेलणारी जमिनीखालची केबल जगात कुठेच नव्हती. डोंगरातून, खाडीवरून, भातशेतीवरून वीज लाख व्होल्टने येऊ शकत होती. तिच्याभोवती इन्सुलेशन म्हणून मोकळी हवा होती, आणि हवेला जागा भरपूर होती. पण दाट वस्तीत, जिथे मनोरा उभा करता येत नाही, तिथे तीच वीज कागद-तेलाच्या बंद नळीत शिरायची आणि तिथे दाब फार तर काही दशहजारांपर्यंत जायचा. जगभर हीच रड होती. घाट ओलांडणं सोपं आणि गल्ली ओलांडणं अवघड!

का? कागद जाड करा की, तेल जास्त घाला की. करून बघितलं. केबल्स कारखान्यातल्या चाचणीत छान पास व्हायच्या, जमिनीत पुरल्या की वर्ष-दोन वर्षांत जायच्या. आणि गंमत म्हणजे, भार सगळ्यात जास्त असताना जातीलच असं नाही. बऱ्याचदा भार उतरल्यावर जायच्या.

याचं कारण मी एका साध्या गणिताने सांगतो. खनिज तेल दर अंशाला साधारण ०.०७५ टक्के फुगतं. ऐकायला काहीच नाही. समजा आपल्या केबलच्या एका मीटरमध्ये एक लिटर तेल आहे आणि संध्याकाळच्या भाराने केबल ३५ अंशांनी तापली. तेल फुगेल सुमारे २६ मिलिलिटर. म्हणजे कटिंग चहाचे दोन मोठे घोट. शंभर मीटर गल्लीत अडीच लिटरपेक्षा जास्त. हे जास्तीचं तेल जाणार कुठे? नळी शिशाची आणि दोन्हीकडून बंद. शिसंही तापून फुगतं, पण तेलाच्या जेमतेम नवव्या हिश्शाइतकं. म्हणून तेल आतून रेटतं आणि शिशाची नळी ताणली जाते.

मध्यरात्र होते. लोक झोपतात, गिरणीची पाळी सुटते, भार उतरतो, तेल आक्रसून मूळ मापावर येतं. शिसं मात्र येत नाही. शिशाला स्प्रिंगसारखी उसळी नसते. एकदा ताणलं की ताणलेलंच राहतं, लग्नात घट्ट झालेल्या आणि दर्जीने उसवून दिलेल्या शेरवानीसारखं. आता नळी मोठी आणि तेल तेवढंच. म्हणजे आत कुठेतरी रिकामी जागा राहिली. कागदाच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये, सुईच्या टोकाएवढी, जवळजवळ निर्वात.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणि रोज.

ही पोकळी इतकी वाईट का? विजेचा ताण एकावर एक ठेवलेल्या पदार्थांत सारखा वाटला जात नाही. तेल मुरलेल्या कागदाच्या मानाने त्याच जागेतल्या रिकाम्या फटीवर सुमारे साडेतीन पट ताण येतो. म्हणजे सगळ्यात दुबळ्यावर सगळ्यात जास्त ओझं. मग त्या फटीत बारीक-बारीक ठिणग्या पडू लागतात, सेकंदाला शेकड्याने. बाहेर आवाज नाही, दिवा लुकलुकत नाही, मीटरला कळत नाही. ठिणग्यांनी तेलाचं हळूहळू मेण होतं, कागद काळा पडतो, आणि तो काळेपणा झाडाच्या फांद्यांसारखा पट्टी-पट्टीतून पसरत जातो. मेलेली केबल उलगडली की या फांद्या डोळ्यांनी दिसतात. एक फांदी शिशापर्यंत पोचली की धाडकन आवाज आणि गल्ली अंधारात. आपण म्हणतो 'आत्ता केबल गेली'. ती कदाचित तीन वर्षं जात होती.

म्हणजे प्रश्न नुसता उष्णतेचा नव्हता, चढ-उताराचा होता. एकदा तापून तापलेलीच राहणारी केबल एकवेळ टिकेल. रोज तापून रोज निवणारी जास्त दमते.

यातला एक भाग सोडवला मार्टिन होखश्टेटर या जर्मन इंजिनिअरने. पहिल्या महायुद्धाच्या आसपास त्याने प्रत्येक तारेच्या कागदावर धातूचा पातळ पापुद्रा लावला. विजेचा ताण त्या पापुद्र्याच्या आतच अडकला आणि तीन तारांच्या मधल्या मोकळ्या जागेतल्या पोकळ्या निरुपद्रवी झाल्या. त्यामुळे ३३ हजारांपर्यंत आणि थोडं पुढेही जाता आलं. पण पापुद्र्याच्या आतल्या पोकळीचं काय, ते तसंच राहिलं.

आता तेलाची दुसरी अडचण, कारण खरा पेच तिथे होता. कारखान्यात कागदात तेल मुरवताना ते पातळ हवं. म्हणून कागद आधी निर्वात पिंपात वाळवायचा आणि मग शंभर अंशांच्या वर तापवलेलं तेल आत सोडायचं. पण तीच केबल जमिनीत गेल्यावर तेल पातळ राहिलं तर उताराने वाहून जाईल. म्हणून त्यात राळ घालून ते काकवीसारखं घट्ट करायचे. तरीही उन्हाळ्यात भार वाढला की काकवी सैल व्हायचीच. खांबावर चढणारी केबल तुम्ही पाहिली असेल, जमिनीतून निघून वरच्या तारांना जोडलेली. तिच्यात तेल हळूहळू खाली उतरतं. वरचं टोक कोरडं पडतं आणि खालच्या टोकाला शिसं फुगतं. येऊरच्या चढावर पुरा नाहीतर खांबावर चढवा, तेलाला उतार कळतो.

म्हणजे पातळ ठेवलं तर गळतं आणि घट्ट केलं तर रात्री आक्रसल्यावर पोकळी भरायला वाहत जाऊ शकत नाही. सगळे इंजिनिअर मधलं माप शोधत बसले होते. मधलं माप नव्हतंच.

मिलानमध्ये पिरेली कंपनीत काम करणाऱ्या लुइजी एमानुएली याने हा पेच उलटा धरला. मला या सगळ्या इतिहासातला सर्वात सुंदर भाग हाच वाटतो. तो म्हणाला, तेल पातळच ठेवू, पाण्याला जवळ जाईल इतकं पातळ. ते फुगणार, आक्रसणार, वाहणार. मग त्याला वाहायला रस्ताच देऊ. त्याने तांब्याची तार मधून पोकळ केली. त्या पोकळीतून तेल केबलभर फिरू शकत होतं. ठरावीक अंतरावर टाक्या ठेवल्या. टाक्यांत वायू भरलेल्या पातळ धातूच्या डब्या. तेल आलं की डब्या दबतात, तेल मागे गेलं की डब्या फुगून त्याला पुढे ढकलतात. केबल तापली की जास्तीचं तेल टाकीत जायचं, निवली की टाकीतून परत यायचं. आत दाब कायम हवेपेक्षा जास्त. त्यामुळे पोकळी तयार व्हायलाच वाव नाही. शिसं ताणू नये म्हणून बाहेरून धातूच्या पट्टीने आवळलेलं. केबलला श्वास घेता येऊ लागला, असं म्हणायला हरकत नाही.

१९२७ मध्ये न्यूयॉर्क आणि शिकागोत १ लाख ३२ हजार व्होल्टच्या अशा केबल्स जमिनीखाली चालू झाल्या. तुलना करा: परळला लाख व्होल्ट अडले होते त्यानंतर अवघ्या बारा वर्षांत. भिंत जी होती ती तेलाला जागा न दिल्याची होती.

अर्थात नवीन सोयीबरोबर नवीन कटकटी आल्या. टाकी म्हटलं की गळती आली. ब्रिटनमध्ये अशा केबल्सच्या तेलात खुणेचा एक वायू मिसळतात आणि गाडी रस्त्यावरून फिरवून वास घेतल्यासारखी गळतीची जागा हुडकतात. आणि दुरुस्ती करायची तर केबल कापल्यावर तेल कारंज्यासारखं बाहेर येणार, ते थांबवायचं कसं? कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना केबलभोवती द्रवरूप नायट्रोजन ओततात, उणे १९६ अंशांचा. आतलं तेल गोठतं आणि त्याचंच बूच बनतं. मधल्या भागात कामगार सांधा जोडतात, काम झालं की बूच वितळू देतात. ज्या तापमानाने केबल मारली, त्याच तापमानाला कामाला लावण्याचा हा प्रकार.

पण हे श्रीमंती काम होतं. लाख व्होल्टच्या केबलला टाक्या परवडतात. नौपाड्यातल्या २२ हजारांच्या केबलला कोण टाक्या लावणार? तिथे जुनीच बंद नळी राहिली. पुढे तेलात सूक्ष्म स्फटिकांचं मेण मिसळून 'नॉन-ड्रेनिंग', म्हणजे न वाहणारं मिश्रण आलं. ते वापराच्या तापमानाला मलमासारखं थिजलेलं राहतं, उताराला वाहत नाही. अशा केबल्सनी जगभरची जुनी शहरं दशकानुदशकं चालवली. आणि यांना एक मर्यादा पाळायची असते: २२ हजारांच्या कागदी केबलमधली तार साधारण ६५ अंशांच्या वर तापू द्यायची नाही. त्याच्या वर गेलं की मेण सैल होतं, कागद लवकर म्हातारा होतो, आणि तेल-कागदातच वाया जाणारी वीज वाढते. ती वाढली की केबल आणखी तापते, तापली की आणखी वाढते. हे चक्र एकदा सुटलं की थांबत नाही.

आता हे ६५ अंश ठाण्यात आणून बघू. ब्रिटनमध्ये केबलचा हिशोब करताना जमिनीचं तापमान १५ अंश धरतात. आपल्या भारतीय मानकांत ३० अंश धरतात. म्हणजे लंडनच्या केबलला तापायला ५० अंशांची मोकळीक, आपल्याला फक्त ३५. तारेची उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गणित केलं, तर बाकी सगळं सारखं असताना जी केबल लंडनमध्ये १०० अँपिअर नेते, ती आपल्याकडे ८४च्या आसपासच नेऊ शकते. तेच तांबं, तोच कागद, तेच तेल. १६ टक्के जमिनीने खाल्ले.

आणि हे झालं ओलसर मातीचं. मे महिन्यात माती कोरडी पडते, कोरडी माती उष्णता सोडत नाही. त्यात आपल्याकडे केबल मातीत तरी असते का? डेब्रिज, पेव्हर ब्लॉकचा चुरा, वर डांबर नाहीतर काँक्रीट, शेजारी आणखी चार केबल्स. घोंगडी पांघरून पळायला लावल्यासारखं.

तापलेल्या कोरड्या जमिनीने काय होतं याचा धडा ऑकलंडला मिळाला. न्यूझीलंडमधलं हे शहर, साल १९९८, तिकडचा उन्हाळा. शहराच्या मध्यभागाला वीज देणाऱ्या १ लाख १० हजार व्होल्टच्या चार केबल्स होत्या, दोन वायूच्या दाबावर चालणाऱ्या, दोन तेलाच्या. २२ जानेवारीला पहिली गेली. तिचा भार उरलेल्या तिघींवर. ९ फेब्रुवारीला दुसरी गेली. भार दोघींवर. १९ला तिसरी, २०ला चौथी. मग पाचेक आठवडे ऑकलंडचं व्यापारी केंद्र जनरेटरवर आणि तात्पुरत्या तारांवर. ऑफिसं हलवली, लोकांनी घरं सोडली. चौकशीत पुढे आलेली एक गोष्ट अशी, की कोरड्या तापलेल्या जमिनीत त्या केबल्स कागदोपत्री लिहिलेल्या क्षमतेइतका भार पेलू शकतच नव्हत्या. आकडा टेबलवरचा होता, केबल जमिनीतली.

मला यातलं 'एकीचा भार दुसरीवर' हे जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्या गल्लीत लहान प्रमाणात तेच होतं. नौपाडा बघा. विष्णुनगर, घंटाळी, राम मारुती रोड. दोन-तीन मजली जुन्या इमारती, प्रत्येक घरात दोन पंखे, एक फ्रिज. रात्री अकरानंतर भार उतरायचा. आता त्याच प्लॉटवर टॉवर उभे राहतायत आणि बेडरूमगणिक एसी आहे. मे महिन्यात रात्री एक वाजताही भार खाली येत नाही. जमीन दिवसभर तापलेली, वरून केबलही तापलेली. अशा रात्री एक फीडर जातो. शेजारच्या फीडरवरून वीज वळवतात, जे योग्यच आहे, पण तो शेजारी आधीच घाम गाळत असतो. तिकडे बंद पडलेली केबल दुरुस्त होईपर्यंत निवते, आक्रसते, आत नव्या पोकळ्या धरते. आणि वीज परत येते तेव्हा सगळ्या घरांतले एसी एकदम चालू होतात, नेहमीपेक्षा जास्त भार एका झटक्यात. एकाच आठवड्यात त्याच भागात दोनदा-तीनदा लाईट गेली की व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'यांना एकदा नीट करता येत नाही का' असा मेसेज येतो. राग समजतो. रात्री दोन वाजता आजीला घेऊन गॅलरीत बसलेल्या माणसाला तेलाचं प्रसरण समजावून सांगू नये. पण दुसरा बिघाड पहिल्या दुरुस्तीच्या जागेवरच असतो असं नाही. बऱ्याचदा तो पहिल्याने दमवलेल्या दुसऱ्या जागेवर असतो.

मग पहिला पाऊस. पावसाच्या पहिल्या सरीत लाईट जाण्याची कारणं बरीच असतात, झाडाच्या फांद्या, खांबावरचे इन्सुलेटर वगैरे. पण जमिनीखाली एक वेगळी गोष्टही घडते. महिनाभर तापलेली केबल अचानक निवते. आतलं तेल आक्रसतं, आत ओढ तयार होते. शिशाला कुठे केसाएवढी चीर असेल, कुणाच्या कुदळीचा जुना घाव असेल, तर ती ओढ बाहेरचं पाणी आत घेते. उन्हाळ्यात तीच चीर तेल बाहेर ढकलत होती, आता पाणी आत ओढते. आणि ओल लागलेला कागद म्हणजे संपलंच.

म्हणून जुने जॉइंटर, म्हणजे केबलचे सांधे जोडणारे कारागीर, कामाला हात घालण्यापूर्वी एक चाचणी करायचे. केबलमधल्या कागदाची पट्टी चिमट्याने काढायची आणि चांगल्या तापलेल्या मेणात बुडवायची. शांत राहिली तर कागद कोरडा. तडतडली, फेस आला, तर ओल आहे; आणखी मागे कापा, परत बघा. फोडणीत मोहरी टाकल्यावर तेल तापलं की नाही ते कळतं ना, तसं. कोरडा कागद सापडेपर्यंत कापत जायचं. पावसाळ्यात कधी कधी बरीच केबल जायची. या लोकांची नावं कुठल्या इतिहासात नाहीत. कोळशाची शेगडी, वितळलेलं शिसं, हातात चरबी लावलेलं फडकं, आणि रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली रात्रभर बसलेली माणसं. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत, जिथे जिथे शिशाच्या केबलची दुरुस्ती झाली, तिथे ती याच कसबावर झाली.

या कसबाला ओहोटी लागली ती प्लास्टिकमुळे. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत पॉलिथिनच्या साखळ्या एकमेकींना बांधून एक नवं प्लास्टिक तयार झालं. त्याला एक्सएलपीई म्हणतात. हे तापलं तरी वितळून वाहत नाही, ९० अंशांपर्यंत चालतं, शिसं नको, तेल नको, राळ नको, उतार-चढाची फिकीर नको. त्याचीही दुखणी आहेत. पाणी शिरलं की त्यातही झाडासारख्या फांद्या फुटतात. तरी आज नवी केबल टाकायची म्हटलं की हीच. पण शहर एका रात्रीत बदलत नाही. जुनी कागदी केबल मध्येच तुटली तर तेवढाच तुकडा प्लास्टिकचा जोडतात. त्या सांध्यात तेलाला अडवणारा पडदा नीट बसवावा लागतो, नाहीतर जुन्या केबलचं तेल नव्या केबलच्या प्लास्टिकला भिजवून मऊ करतं आणि जुनी बाजू तेलावाचून कोरडी पडते. एका गल्लीखाली दोन शतकं अशी एका सांध्यात भेटतात.

आणि तेल गेलंय असंही समजू नका. लाख-दोन लाख व्होल्टची आजची प्लास्टिकची केबल जमिनीतून वर येऊन मनोऱ्याच्या तारांना मिळते, तिथल्या उंच चिनीमातीच्या किंवा रबरी टोपीत बऱ्याचदा सिलिकॉन तेल भरलेलं असतं. ते भरताना वर थोडी जागा मुद्दाम रिकामी ठेवतात. उन्हात तेल फुगलं तर कुठे जाईल, हा एमानुएलीचा प्रश्न तिथेही सुटलेला असावा लागतो.

जवळचंच उदाहरण हवं असेल तर तुमच्या सोसायटीजवळचा ट्रान्सफॉर्मर बघा, ज्याला आपण सगळे डीपी म्हणतो. तोही तेलात बुडालेला असतो. मोठा असेल तर वर आडवं छोटं पिंप दिसेल, ते तेलाला फुगायची जागा. पिंपातून खाली एक नळी येते आणि तिच्या टोकाला काचेची बरणी, आत खड्यांसारखे दाणे. तेल निवून आक्रसलं की पिंप बाहेरची हवा ओढतं, आणि ती हवा या दाण्यांतून गाळून, कोरडी होऊन आत जाते. निळ्या जातीचे दाणे असतील तर ते ओल शोषून गुलाबी होतात. गुलाबी झाले की बदलायचे असतात. कुंपणाच्या बाहेरूनच बघा, आत हात घालू नका. जूनमध्ये एकदा बघा आणि सप्टेंबरमध्ये एकदा.

पुढच्या भागात रुळांच्या बाजूने जाऊ, ठाकुर्लीच्या चोळे पॉवर हाउसकडे.